माझ्या गुडघ्यांच्या नावाने फरशी नको

गेले तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही. "बाई, तब्येत बरी आहे ना?" असे दोन-तीन जणांचे निरोप आले. तब्येत उत्तम आहे. रागावले होते, एवढंच. रागाच्या भरात काही लिहू नये, मध्ये एक रात्र जाऊ द्यावी, असं मी पस्तीस वर्षं वर्गात मुलांना सांगत आले. इथे एकवीस रात्री गेल्या तरी राग उतरेना, तेव्हा म्हटलं आता लिहिलेलंच बरं.

घरची मंडळी हे वाचतात, मला ठाऊक आहे. खरं तर त्यांच्यासाठीच लिहिते आहे. पंगतीत बोलायला लागलं की मध्येच कुणीतरी "वहिनी, जरा आमटी वाढता का" म्हणतं आणि विषय तिथेच बुडतो. इथे मला कुणी आमटी वाढायला सांगणार नाही!

तर झालं असं. श्रावणाआधी सगळ्यांनी मिळून कुठेतरी जाऊ या असं ठरलं, आणि दोन गाड्या भरून आम्ही भुलेश्वरला गेलो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत जायचं आणि उजवीकडे माळशिरस गावाकडे वळायचं. (हे पुरंदर तालुक्यातलं माळशिरस. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरसला जाऊन पोहोचाल, सांभाळा.) सपाट मुलखातून एकदम एक टेकडी वर येते आणि तिच्या माथ्यावर देऊळ. तेराव्या शतकातलं, यादवांच्या काळातलं. सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने या टेकडीवर दौलतमंगळ नावाचा किल्ला बांधला. त्याचे अवशेष अजून दिसतात.

मी पूर्वी दोनदा इथे शाळेची सहल घेऊन आले होते. तेव्हा टेकडी पायी चढलो होतो आणि मुलं वर पोहोचेपर्यंत निम्मे डबे रिकामे झाले होते. आता गाडी पार देवळाजवळ जाते. माझ्या गुडघ्यांनी त्या रस्त्याचे मनापासून आभार मानले. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे "काकूंना सगळंच नवं खुपतं" असं कुणी म्हणायला नको.

बाहेरून हे देऊळ देवळासारखं दिसतच नाही, गढीसारखं दिसतं. आत अंधार. बाहेरच्या उन्हातून आल्यावर दोन मिनिटं काही म्हणजे काही दिसत नाही. मग हळूहळू डोळे सरावतात आणि भिंतींवर माणसं उमटायला लागतात. रामायण-महाभारतातले प्रसंग, सुरसुंदरी, देव, हत्ती, घोडे, वेलबुट्टी. काळ्या दगडात काय कोरलंय! दागिन्यांतला एकेक मणी वेगळा मोजावा. आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर, मान वर करून पाहिलं तरच दिसेल अशा जागी, स्त्रीवेशातला गणपती. गणेशिनी म्हणा, लंबोदरी म्हणा. असं शिल्प आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे.

आमच्या अकरा जणांपैकी ती किती जणांनी पाहिली? मी आणि माझी धाकटी नात, दोघींनी. बाकीचे नऊ जण पेढा पाहत होते. भुलेश्वराची ख्याती अशी की पिंडीपाशी पेढ्यांचा नैवेद्य ठेवला की त्यातले एक-दोन नाहीसे होतात. ते पाहायला सगळे दाटीवाटीने उभे होते. श्रद्धेच्या आड मी येत नाही. पण सातशे वर्षांपूर्वी कुणा कारागिराने आयुष्य घालवून कोरलेलं डोळ्यांसमोर आहे, ते सोडून नाहीसं होणाऱ्या पेढ्याकडे डोळे लावून बसायचं? ज्यांना पेढा गेलेला दिसतो, त्यांना भिंतीवर असलेलं दिसू नये, याचं मला वाईट वाटलं.

नातीने विचारलं, "आजी, यांना तोंडं का नाहीत?" खरंच, कितीतरी मूर्तींची नाकं, हात, चेहरे फोडलेले आहेत. भावजींनी लगेच सांगितलं, "आक्रमकांनी फोडली बेटा. बघ कसे होते ते लोक!" आणि पुढची पाच मिनिटं त्यांचा आवाज घुमत होता. फोडणाऱ्याबद्दल संताप यावा, त्यात गैर काही नाही. मला त्याच वेळी आमच्या गावचं देऊळ आठवत होतं, एवढंच. पण गप्प राहिले.

दर्शन झालं. बाहेर वाऱ्याला सावली बघून सतरंजी घातली. दशम्या, चटणी, दही, कैरीचं लोणचं. पोटं भरली आणि भावजींनी पिशवीतून एक फाईल काढली. आमच्या गावच्या टेकडीवरच्या महादेवाच्या जीर्णोद्धाराचं अंदाजपत्रक!

वाचून दाखवलं ते असं. सभामंडपाच्या जमिनीवर चकचकीत फरशी. गाभाऱ्यात चारी भिंतींना डोक्याच्या उंचीपर्यंत टाइल्स. खांबांना नवा ऑइलपेंट, "जुना उडालाय म्हणून." पुढे सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब आणि कमान. भोवतालच्या सगळ्या आवारात कोबा. आणि दाराच्या उजव्या बाजूला ग्रॅनाइटची पाटी, तिच्यावर देणगीदारांची नावं. पहिलं नाव ह्यांचं. "दादांच्या स्मरणार्थ वहिनींकडून एक लाख." माझ्या पोस्टातल्या ठेवीची मुदत कधी संपते, तेही फाईलमध्ये टिपून ठेवलेलं होतं!

मी म्हटलं, "मला हे पटत नाही." पुतण्या म्हणाला, "काकू, अहो तुमच्यासारख्या वयस्कर लोकांच्या सोयीसाठीच तर आहे. तुमचे गुडघे..."

तिथे माझं डोकं फिरलं. मी काय बोलले ते सगळ्यांनी ऐकलं आहे, आणि स्वर चढला त्याबद्दल इथे माफी मागते. पण बोलले त्याबद्दल मागत नाही. तेच आता शांतपणे, मुद्दे घालून लिहिते. इतिहासाच्या बाई आहे, मुद्द्यांशिवाय उत्तराला मी कधी गुण दिले नाहीत.

मुद्दा पहिला, माझे गुडघे. ओल्या पायांनी चकचकीत फरशीवर कोण घसरतं? म्हातारी माणसंच. महादेवाच्या देवळात अभिषेकाचं पाणी सतत सांडणार, श्रावणात माणसं भिजून येणार. टाकीच्या घावांनी खरखरीत केलेला दगड अनवाणी पायाला धरून ठेवतो. ती त्या कारागिराने केलेली सोयच आहे. म्हाताऱ्यांची खरोखर काळजी असेल तर टेकडीच्या पायऱ्यांना एका बाजूने कठडा करा. निम्म्या वाटेवर बसायला ओटा आणि सावलीला एक झाड लावा. वर प्यायला पाणी ठेवा. याला अंदाजपत्रकात एक ओळ नाही. म्हणजे गुडघे माझे, फरशी तुमच्या हौसेची. माझ्या गुडघ्यांच्या नावाने फरशी बसवू नका.

मुद्दा दुसरा, ऑइलपेंट. पंधराएक वर्षांपूर्वी गावाने उत्साहाने खांब रंगवले. खालून तांबडे, वर पिवळे, नक्षीला निळा. आता तो रंग पोपडे होऊन पडतो आहे. पोपडा उलटा करून पाहिलात कधी? मी पाहिला. त्याच्या पाठीला दगडाची भुकटी आणि कपची चिकटलेली असते. दगडात आणि सांध्यांत पावसाळ्यात ओल शिरते आणि उन्हाळ्यात बाहेर पडते. शेकडो वर्षं ते चालत आलं. ऑइलपेंट लावला की ओलीची बाहेर पडायची वाट बंद. मग ती आतल्या आत राहते, तिच्यातले क्षार पृष्ठभागाखाली साठून फुगतात आणि दगडाचा वरचा पापुद्रा सुटायला लागतो. नेमकी नक्षी त्या पापुद्र्यावरच असते! "रंग उडालाय म्हणून नवा रंग" म्हणजे ज्याने आजार आला त्याचाच दुसरा डोस.

मुद्दा तिसरा, सिमेंट. ही जुनी देवळं बहुतेक चुन्यावाचून उभी आहेत. दगडाला खाच, दुसऱ्याला खुंटी, एकमेकांवर वजन तोलून रचलेली. त्यात थोडी हालचाल गृहीत धरलेली असते. जिथे चुना वापरला, तोही मऊ, ओल येऊ-जाऊ देणारा. सिमेंट कडक. ते हलत नाही, ओल जाऊ देत नाही, आणि ताण आला की शेजारचा दगड तडकवतं. वर स्लॅबचं वजन कुणाच्या डोक्यावर टाकणार? ज्या भिंती त्यासाठी बांधल्याच नाहीत त्यांच्या. आणि आवारात कोबा घातला की पावसाचं पाणी मुरायचं बंद, ते जाणार कुठे? जोत्याकडे. आमच्या देवळाच्या मागच्या बाजूला पाणी जायची जुनी दगडी मोरी आहे. ती मातीने बुजली आहे, म्हणून तर गाभारा ओला असतो. ओलीवर उपाय म्हणून भिंतींना टाइल्स लावणं म्हणजे गळक्या छताखाली गालिचा अंथरणं.

मुद्दा चौथा, आणि माझ्या मनाला सगळ्यात लागलेला. दाराच्या उजव्या बाजूला, जिथे तुम्ही ग्रॅनाइटची पाटी लावणार, तिथे आज काय आहे? एक दगड आहे. त्यावर अक्षरं आहेत. रंगाच्या दोन थरांखाली बुजलेली, पण बोट फिरवलं की लागतात. ह्यांनी किती वर्षं म्हटलं होतं, एकदा जाणकार माणूस आणू, रंग नीट काढून घेऊ, ठसा घेऊ आणि वाचून घेऊ. दर सुट्टीत जायचो, हे त्या दगडावर हात फिरवायचे आणि "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायचे. पुढची वर्षं संपली. राहून गेलं.

ती अक्षरं म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगते. गावात सगळे आपल्या देवळाला "हेमाडपंती" म्हणतात. महाराष्ट्रात दगडाचं जुनं देऊळ दिसलं की ते हेमाडपंती! हा हेमाद्री पंडित यादवांच्या महादेव आणि रामचंद्र या राजांच्या दरबारातला, तेराव्या शतकातला. आता मुंबईजवळच्या अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. तेही लोक त्याच नावाने ओळखायचे. पण तिथे शिलालेख आहे आणि त्यावर शके 982 आहे, म्हणजे इसवी सन 1060. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं, शिलाहारांच्या काळातलं! एका कोरलेल्या ओळीने दोनशे वर्षांची चूक दुरुस्त झाली. तो दगड कुणी छिन्नीने सपाट करून त्यावर देणगीदारांची पाटी ठोकली असती तर? आपल्या दगडावर काय आहे ते मला ठाऊक नाही. कदाचित कुणा राजाचं नाव असेल, कदाचित कुणा गावकऱ्याने दिलेल्या दिव्याच्या तेलाचा हिशोब असेल. पण ते वाचायच्या आधी पुसणार, आणि त्याच्या जागी ह्यांचं नाव लावणार? ज्या माणसाला ती अक्षरं वाचायची होती, त्याचंच नाव त्यांच्यावर ठोकायचं! भावजी, तुमच्या मनात दादांबद्दल माया आहे, मला शंका नाही. पण ह्यांना हे चाललं असतं असं तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून म्हणा.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. तेही नीट मांडते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एकतर्फी पेपर तपासतात.

एक म्हणणं असं की देऊळ म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे. ते नांदतं आहे, रोज पूजा होते, काळाप्रमाणे बदलणारच. आपल्या पूर्वजांनीही जीर्णोद्धार केलेच की! बरोबर. अगदी बरोबर. भुलेश्वरचंच वरचं विटा-चुन्याचं काम मूळ दगडी देवळाच्या नंतरचं आहे. अहिल्याबाईंनी घृष्णेश्वरासारखी किती देवळं उभी केली. जीर्णोद्धार या शब्दातच उत्तर आहे. जे जीर्ण झालं त्याचा उद्धार. जे धडधाकट आहे त्याला झाकणं हा उद्धार नव्हे. आपल्या देवळाचा कुठला खांब जीर्ण आहे सांगा. एकही नाही. जीर्ण आहे ती बुजलेली मोरी आणि छताच्या सांध्यांतून उगवलेलं पिंपळाचं रोप. ते मी तीन वर्षं सांगते आहे, कुणी उपटत नाही. त्याची मुळं एकदा जाड झाली की छताचे दगड सरकायला वेळ लागणार नाही. पण पिंपळ काढल्याची पाटी लावता येत नाही ना!

दुसरं म्हणणं, लोकांना स्वच्छ, झगमगीत आवडतं. नवी पिढी येत नाही, फरशी बसवली की येईल. हे मला मुळीच पटत नाही. माझी दहा वर्षांची नात भुलेश्वरच्या अंधारात पाऊण तास रमली. तिने हत्ती मोजले. तिला गणेशिनी दाखवली तर म्हणाली, "म्हणजे गणपतीबाप्पा मुलगी पण होऊ शकतो?" फरशी पाहायला तिला टेकडी कशाला चढायला हवी? फरशी तिच्या घरी आहे, शाळेत आहे, मॉलमध्ये आहे.

आणि आता पंढरपूरचं सांगते. इथे तरी "काकूंचं आपलं काहीतरी" म्हणता येणार नाही. 2024 साली विठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या संवर्धनाचं काम निघालं. त्यासाठी मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद ठेवलं होतं. काम काय होतं? गाभाऱ्यात नंतरच्या काळात बसवलेल्या फरश्या काढणं आणि मूळ दगडी रूप मोकळं करणं. वारकऱ्यांनी एवढे दिवस पायांवर डोकं टेकवायचं सोडलं, मुखदर्शनावर समाधान मानलं. त्याच सुमारास मंदिरात एक तळघर सापडलं आणि त्यातून जुन्या मूर्ती निघाल्या. म्हणजे ज्या विठोबासाठी तुम्ही दरवर्षी वारीला जाता, त्याच्या गाभाऱ्यातून जे खर्च करून काढलं, तेच आपण महादेवाच्या गाभाऱ्यात खर्च करून घालायला निघालो आहोत. आजचे देणगीदार बसवण्यासाठी वर्गणी देणार, आणि नातवंडं काढण्यासाठी देणार.

भुलेश्वर संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे तिथे कुणी मनात आलं म्हणून डबा-ब्रश घेऊन जाऊ शकत नाही. आपलं देऊळ कुठल्याच यादीत नाही. महाराष्ट्रात अशी यादीबाहेरची देवळं गावोगावी आहेत. त्यांना राखणारं सरकार नाही, कायदा नाही. फक्त गावकरी आहेत, म्हणजे आपण. मूर्ती फोडणारा परका होता म्हणून भावजींचा आवाज भुलेश्वरला एवढा चढला. आता छिन्नी आपल्याच हातात आहे, तर आवाज कुठे गेला? नातीने उद्या आपल्या गावच्या खांबाकडे बोट दाखवून "आजी, याला तोंड का नाही?" विचारलं, तर मी कुणाचं नाव सांगू?

असो. नुसती टीका करणारा विद्यार्थी मला आवडत नाही, तेव्हा माझी बाजू सांगून संपवते.

पोस्टातली ठेव पुढच्या महिन्यात सुटते. लाख रुपये देते म्हटलं होतं, शब्द फिरवत नाही. पण ते या कामांसाठीच जातील. पिंपळाचं रोप मुळासकट काढणं, आणि तेही जाणत्या माणसाच्या हातून, नुसतं कापून नव्हे. मागची मोरी मोकळी करणं. जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम जाणणाऱ्या वास्तुविशारदाला एकदा गावी आणून पाहणी करून घेणं, आणि खांबांवरचा रंग दगडाला इजा न होता कसा काढायचा ते त्यालाच विचारणं. तोवर कुणी खरवडायचं नाही, ॲसिड ओतायचं नाही, वाळूचा मारा करायचा नाही. पायऱ्यांना कठडा. आणि दाराजवळच्या दगडाचं वाचन. पैसे उरले तर निम्म्या वाटेवरचा ओटा. त्यावर कुणाचंही नाव नको. हे टेकडी चढताना दम लागला की तिथेच एका धोंड्यावर बसायचे आणि "तू हो पुढे" म्हणायचे. ओटा तिथे झाला की मला पुरे.

फरशीच्या खात्यात माझा एक रुपया धरू नये. पाटीवर ह्यांचं नाव घालू नये. घातलंत तर मी स्वतः टेकडी चढून येईन आणि समोर बसेन. गुडघ्यांची काळजी करू नका, रागावले की ते बरे चालतात!

बाकी वाचकांना एवढंच सांगणं, तुमच्याही गावी असं एखादं देऊळ असेल. या सुट्टीत गेलात तर दर्शनानंतर दहा मिनिटं आत थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. आणि जीर्णोद्धाराची पावती फाडायच्या आधी अंदाजपत्रक मागून घ्या. नीट, ओळ न् ओळ वाचा.

भावजी, रविवारी जेवायला या. आमटी मी वाढते. फाईल आणा.